कवडीपाट, कुंभारगाव, मयूरेश्वर : नवख्यांसाठी हिवाळी पक्षीफेरी

पहिला दिवस : कवडीपाट

पुण्याहून सोलापूर रस्त्याने निघालं की हडपसर, मांजरी मागे पडतात आणि लोणी काळभोरच्या अलीकडे डाव्या हाताला कवडीचा फाटा लागतो. मुळा-मुठेवरचा जुना बंधारा तिथून जवळच आहे. जानेवारीच्या शेवटी सूर्य सातनंतर उगवतो, म्हणून पावणेसातलाच नदीवर पोचलो. पहिले दोन-अडीच तास पक्षी पोटामागे असतात, सारखे हलत असतात आणि उजेडही तिरपा, मऊ असतो. दहानंतर ऊन डोक्यावर आलं की पाण्यावर चकाकी येते आणि सगळेच पक्षी काळे-पांढरे दिसायला लागतात.

नवख्यांना पहिल्या दिवशी इथे आणायचं कारण सरळ आहे. पाणी घाण आहे, बंधाऱ्याखाली पांढरा फेस साचतो, दगडांत प्लास्टिक अडकलेलं असतं आणि हे पाहून वाईट वाटल्याशिवाय राहत नाही. पण बंधाऱ्यावरून माणसांची रोजची ये-जा असल्यामुळे इथले पक्षी माणसाला फारसे बुजत नाहीत. एकच पक्षी दहा-पंधरा मिनिटं जवळून पाहायला मिळणं ही शिकणाऱ्याची खरी गरज असते, आणि ती इथे भागते. गर्द जंगलात नवखा माणूस पानाआड हलणारं काहीतरी पाहून परत येतो.

आधी दुर्बीण नीट लावून घेतली. गटात 8×42 आणि 10×50 अशा दोन प्रकारच्या दुर्बिणी होत्या. पहिला आकडा म्हणजे किती पट मोठं दिसणार, दुसरा म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. सुरुवातीला 8×42 घ्यावी असं आमचं स्पष्ट मत आहे. दहा पटीत पक्षी मोठा दिसतो, पण हाताचा कंपही तितकाच मोठा होतो आणि दिसणारं क्षेत्र लहान झाल्यामुळे पक्षी सापडतच नाही. चष्मा असेल तर डोळ्याकडचे रबरी कप आत दाबायचे, नसेल तर बाहेर काढायचे. दोन्ही नळ्या जवळ-लांब करून एकच गोल चित्र दिसेल असं अंतर ठेवायचं. मग उजवं पुढचं भिंग हाताने झाकून, दोन्ही डोळे उघडे ठेवून, मधल्या चाकाने डाव्या डोळ्यासाठी एखादी पाटी किंवा फांदी स्पष्ट करायची. आता डावं भिंग झाकायचं आणि मधल्या चाकाला हात न लावता उजव्या नळीवरची डायॉप्टरची कडी फिरवून तीच वस्तू उजव्या डोळ्याला स्पष्ट करायची. कडी कुठे आली ते लक्षात ठेवायचं. ती पिशवीत घासून हलते, आणि मग ‘दुर्बिणीतून बघितलं की डोकं दुखतं’ अशी तक्रार सुरू होते.

दुर्बिणीत पक्षी सापडत नाही याचं कारण बहुतेक वेळा एकच असतं : माणूस आधी मान खाली घालून दुर्बीण पाहतो, ती डोळ्यांना लावतो आणि मग पक्षी शोधू लागतो. उलट करायचं. नजर पक्ष्यावर खिळवायची, ती जराही न हलवता दुर्बीण नजरेच्या रेषेत वर आणायची. बंधाऱ्यावरच्या दगडांवर बसलेल्या पक्ष्यांवर हा सराव पंधरा मिनिटं केला आणि बहुतेकांना जमलं. सूर्याच्या दिशेने दुर्बीण चुकूनही वळवायची नाही, डोळ्याला कायमची इजा होते.

पहिला धडा शेकाट्यावर झाला. पाण्यात पंधरा-वीस शेकाटे चालत होते. लांबसडक गुलाबी-लाल पाय, सुईसारखी सरळ काळी चोच, पांढरं अंग, काळे पंख. याच्यासारखा दुसरा पक्षी इथे नसल्यामुळे ओळख सोपी, पण धडा त्याच्या नावाचा नव्हताच. वही काढून नाव न लिहिता वर्णन लिहायचं होतं : ओळखीच्या कोणत्या पक्ष्याएवढा (चिमणी, साळुंकी, पारवा, कावळा आणि घार ही पाच मापं पुरतात), चोच डोक्याच्या लांबीच्या तुलनेत केवढी, पाय केवढे, काय करतोय, कुठे उभा आहे आणि सर्वांत शेवटी रंग. रंग शेवटी, कारण रंगच सर्वांत जास्त फसवतो. पक्ष्याच्या पाठीमागून ऊन असेल तर पांढरा पक्षी काळा दिसतो आणि पिवळ्या उन्हात करडा पक्षी तांबूस. आकार, ठेवण आणि सवय मात्र उजेडानुसार बदलत नाहीत.

धोब्यांवर बराच वेळ दिला आणि तो सार्थकी लागला. शेपटी वरखाली करत दगडांवर पळणारे चार प्रकारचे धोबी एकाच टप्प्यात होते. कवड्या धोबी सगळ्यांत मोठा. डोकं, पाठ, गळा काळे आणि डोळ्यावर ठसठशीत पांढरी भुवई. हा बारमाही इथलाच. पांढऱ्या धोब्याचं तोंड पांढरं, पाठ करडी. हा हिवाळी पाहुणा. खरी गफलत पिवळ्यांमध्ये होते. पोट पिवळं दिसलं की सगळे ‘पिवळा धोबी’ लिहून मोकळे होतात. करड्या धोब्याचंही पोट पिवळं असतं, पण पाठ राखाडी असते आणि शेपटी अंगाच्या मानाने फारच लांब. पिवळ्या धोब्याची पाठ हिरवट आणि शेपटी आखूड. म्हणून धोबी दिसला की आधी पाठ आणि शेपटी, पोट नंतर.

तुताऱ्या त्याहून अवघड. चिखलाच्या कडेने तपकिरी, पांढऱ्या पोटाचे, लांब चोचीचे तीन पक्षी फिरत होते आणि पहिल्या नजरेला तिन्ही एकच वाटत होते. सामान्य तुतारी मागचा भाग सतत वरखाली हलवते आणि तिच्या छातीचा पांढरा रंग खांद्यापुढून पंखाकडे टोकासारखा वर चढलेला असतो. ही एक खूण पुरेशी आहे. हिरवी तुतारी गडद, जवळजवळ काळपट. उडाली की पांढरा पुठ्ठा, म्हणजे शेपटीच्या मुळाशी असलेला पाठीचा भाग, चमकतो. ठिपकेवाली तुतारी पाठीवर फिक्या ठिपक्यांची, पायांनी उंच आणि पिवळसर, भुवई डोळ्याच्या मागेपर्यंत गेलेली. पक्षी उडेपर्यंत थांबायचं, हुसकवायचं नाही. पुठ्ठा पाहायचा म्हणून दगड मारणारी माणसंही दिसतात, त्यांना तिथल्या तिथे थांबवलं पाहिजे.

पाण्यावरून जाणाऱ्या तारेवर तारवाली भिंगरी बसली होती. तांबूस टोपी, निळी पाठ, शुभ्र पोट. शेपटीच्या दोन तारा इतक्या बारीक असतात की आकाशाच्या पार्श्वभूमीवर हरवतात. पक्षी वळून मागे झाडी आली, तेव्हाच त्या सगळ्यांना दिसल्या. पार्श्वभूमी बदलेपर्यंत थांबणं हाही निरीक्षणाचाच भाग आहे.

दुपारी भिगवणकडे निघालो. संध्याकाळी वह्या समोर ठेवून वर्णनांवरून नावं शोधली. मोबाइलवरचं मर्लिन हे ॲप मदतीला चांगलं, पण क्रम पाळावा : आधी वही, मग ॲप. फोटो दाखवला की ॲप नाव सुचवतं आणि माणूस पाहणंच थांबवतो. आवाजाच्या बाबतीत तर जास्तच जपावं लागतं. कोतवाल शिक्र्याचा आवाज हुबेहूब काढतो. ॲपने ‘शिक्रा’ म्हटलं तरी पक्षी डोळ्यांनी दिसेपर्यंत यादीत लिहू नये.

दुसरा दिवस : कुंभारगाव

उजनी धरण 1980 साली पूर्ण झालं आणि भीमेचं पाणी मागे पसरून भिगवण, डिकसळ, कुंभारगाव या भागात उथळ, रुंद जलाशय तयार झाला. पक्ष्यांचं सगळं गणित इथे पाण्याच्या पातळीवर चालतं. पावसाळ्यानंतर धरण भरलेलं असतं तेव्हा काठ बुडालेला असतो आणि चिखलात चरणाऱ्या पक्ष्यांना जागाच नसते. पाणी ओसरू लागलं की चिखलपट्टे उघडे पडतात आणि रोहितांना (फ्लेमिंगोंना) उभं राहता येईल एवढी उथळ पाणथळ मिळते. म्हणून बदकांसाठी डिसेंबर-जानेवारी आणि रोहितांसाठी जानेवारी ते मार्च हा हिशेब साधारण जमतो, पण पाऊस आणि धरणातून सोडलेलं पाणी यांवर तो पुढेमागे होतो. निघण्याच्या आधी नाववाल्यांना फोन करून पाणी कुठवर आहे ते विचारणं सर्वांत उपयोगी.

इथले नाववाले मूळचे मच्छीमार. कोणता थवा कोणत्या वेळी कुठे असतो हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक नाही. उजाडताच होडीत बसलो. सूर्य आपल्या पाठीशी राहील अशा बाजूने न्यायला आधीच सांगितलं. नंतर सांगून उपयोग नसतो, कारण थव्याला वळसा घालताना तो बुजतो. होडीत उभं राहायचं नाही. खाली बसून कोपरं गुडघ्यांवर टेकवली की दुर्बीण स्थिर राहते. कालच्या 10×50 वाल्यांना हे सगळ्यांत आधी पटलं.

थोरल्या रोहितांचा थवा लांबून पांढरट पट्ट्यासारखा दिसला. त्याआधी अर्ध्या लोकांनी चित्रबलाकांनाच रोहित म्हणून घेतलं होतं. गुलाबी रंग दिसला की हे होतंच. चित्रबलाकाची चोच पिवळी, टोकाशी किंचित वाकलेली, तोंड केशरी आणि उघडं, छातीवर काळा-पांढरा पट्टा. गुलाबी पिसं फक्त पाठीमागे, शेपटीजवळ. चालताना तो चोच अर्धवट उघडी ठेवून पाण्यात डावी-उजवीकडे फिरवतो आणि मासा चोचीला लागताच ती मिटतो. रोहिताची चोच मध्येच एकदम खाली वळलेली, गुलाबी, टोक काळं.

थव्यापासून बऱ्याच अंतरावर नाववाल्या दादांनी इंजिन बंद केलं आणि पुढे बांबूने होडी रेटली. दुर्बिणीत एकच रोहित धरून ठेवला. मान खाली, डोकं पूर्ण उलटं, म्हणजे वरची चोच तळाशी आणि खालची वर. पाय जागच्या जागी तुडवत, गोल फिरत तळाचा गाळ ढवळत होता. जीभ पंपासारखी मागेपुढे होते, पाणी चोचीच्या कडांवरच्या गाळणीतून बाहेर जातं आणि बारीक जीव, शेवाळ, बिया आत राहतात. रंगही त्याच खाण्यातल्या कॅरोटिनॉइड द्रव्यांमुळे येतो. थव्यातले मळकट करडे, गुलाबीचा अंशही नसलेले पक्षी म्हणजे पिल्लं. पूर्ण रंग यायला त्यांना काही वर्षं लागतात. उडताना पंखांवर लाल-गुलाबी आणि काळा असे दोन रंग एकदम उलगडतात. तेवढ्यासाठी थवा उडवायला सांगणारे लोक आहेत, आणि पैशापायी कोणी ते ऐकतंही. असं कधीही करू नये. हिवाळाभर रोज होड्यांमुळे थवा उठत राहिला तर त्याचा चरायचा वेळ जातो आणि अंगातली चरबी उडण्यात खर्च होते.

किती जवळ जायचं, हे पक्षीच सांगतात. सगळ्या माना खाली असतील तर ठीक. चार-पाच माना सरळ वर आल्या की तिथेच थांबायचं. सगळे एका दिशेने चालायला लागले तर आपण जास्तच पुढे आलोय, मागे फिरायचं. आमच्यासमोर माना वर आल्या तेव्हा ‘दादा, इथंच थांबा’ एवढंच म्हणावं लागलं. पाच-सात मिनिटांनी माना पुन्हा खाली गेल्या.

मोजणीचा सराव याच थव्यावर झाला. एकेक मोजायला गेलं की थवा सरकतो आणि आकडा हरवतो. आधी दहा पक्षी नीट मोजायचे, ते किती जागा व्यापतात ते डोळ्यांत बसवायचं, मग तेवढे तुकडे थव्यावर मांडत जायचे. गर्दी मध्यभागी जास्त आणि कडेला विरळ असते, म्हणून दहाचा तुकडा दोन ठिकाणी मोजून घ्यावा. दोघांनी वेगवेगळं मोजलं आणि आकडे फार लांब पडले तर पुन्हा मोजायचं.

बदकांत नर सोपे. थापट्याची चोच फावड्यासारखी रुंद. तलवार बदकाची मान लांब, तपकिरी डोक्यावर मानेतून चढणारी पांढरी रेघ. हळदी-कुंकू बदक बारमाही, काळ्या चोचीचं टोक पिवळं आणि चोचीच्या मुळाशी लाल ठिपके. अडतं ते माद्यांपाशी, कारण बहुतेक सगळ्या तपकिरी, ठिपकेदार. तिथे अंगाचा रंग सोडून द्यायचा आणि चोच व पंखावरचा चौकोन पाहायचा. थापट्याच्या मादीचीही चोच फावड्यासारखीच. गडवालच्या मादीच्या चोचीच्या कडा केशरी आणि पंखावर पांढरा चौकोन. तलवार बदकाची मादी करड्या चोचीची, सडपातळ, लांब मानेची. आणखी एक सोपी युक्ती म्हणजे मादी कोणत्या नराबरोबर आहे ते पाहणं. पुरावा म्हणून ती कच्ची आहे, पण कुठून सुरुवात करायची हे तीवरून कळतं.

चक्रवाकांच्या जोड्या काठावर होत्या, तांबूस-नारिंगी अंगाच्या. पट्टकादंब पाण्याजवळ विश्रांती घेत होते. पांढऱ्या डोक्यावर मागच्या बाजूने दोन काळे पट्टे, त्यामुळे चूक होत नाही. तिबेट, मंगोलियाकडच्या तळ्यांवर वीण करून, हिमालय ओलांडून ते इथे येतात आणि पहाटे-संध्याकाळी कडेच्या शेतात चरतात.

कुरवांनी (सीगल) सगळ्यांना गोंधळात टाकलं. नावात ‘काळ्या डोक्याचा’ आणि ‘तपकिरी डोक्याचा’ असलं तरी हिवाळ्यात दोघांची डोकी पांढरी असतात, कानामागे फक्त गडद ठिपका. म्हणून पंखाचं टोक पाहायचं. तपकिरी डोक्याच्या कुरवाचं टोक काळं आणि त्यात पांढरे डाग, डोळा फिका. काळ्या डोक्याच्या कुरवाच्या पंखाची पुढची कड पांढऱ्या पाचरीसारखी, डोळा गडद.

परतताना पाण्यावर विखुरलेले वारकरी पक्षी (कूट) एकाएकी गोळा होऊन एकमेकांना चिकटले. असं झालं की पाण्याकडे नाही, आकाशाकडे पाहायचं. गवतावरून दलदली भोवत्या या शिकारी पक्ष्याची मादी येत होती. गडद तपकिरी अंग, डोकं मलईच्या रंगाचं, पंख उथळ व्हीसारखे वर उचललेले. थोड्याच वेळात कैकरही दिसला. पोट पांढरं, उडताना पंखांना कोपरासारखी बाक आणि त्या बाकाशी काळा डाग.

दुपारी काठावरचे बगळे. छोट्या बगळ्याची चोच काळी, पाय काळे, पंजे पिवळे. चिखलात उभा असेल तर पंजे दिसत नाहीत, चालू लागेपर्यंत थांबायचं. मोठा आणि मध्यम यांच्यात आकाराचा भरवसा नाही. तोंडाची रेघ पाहायची : मोठ्या बगळ्यात ती डोळ्याच्या मागेपर्यंत जाते, मध्यम बगळ्यात डोळ्याखालीच संपते. चोचीचा पिवळा रंग खूण म्हणून पाठ करू नये, कारण विणीच्या काळात दोघांच्याही चोची काळ्या होतात.

तिसरा दिवस : मयूरेश्वर

बारामतीमार्गे सुप्याला आलो. मयूरेश्वर अभयारण्य जेमतेम पाच चौरस किलोमीटरचं, चिंकाऱ्यांसाठी राखलेलं. माळरान म्हणजे पडीक जमीन असं समजून अनेक जण इथे झाडं लावायला येतात. गवताळ माळ हा स्वतंत्र अधिवास आहे. इथले पक्षी जमिनीवर घरटी करतात, त्यांना झाडी नको असते. म्हणूनच वाट सोडून गवतात शिरायचं नाही. मातीच्या रंगाची अंडी पायाखाली आली तरी कळत नाहीत.

माळावर गाडी हाच उत्तम आडोसा. चालत्या माणसाला बुजणारा पक्षी थांबलेल्या गाडीजवळ निवांत चरतो. इंजिन बंद, काच खाली, दुर्बीण काचेवर टेकवलेली. धाविक असाच सापडला. आखूड गवतात काहीतरी पाच-सहा पावलं पळालं, एकदम थांबलं, ताठ उभं राहिलं, झपकन वाकून टिपलं आणि पुन्हा पळालं. उभा राहिला की तो मातीत मिसळून जातो, म्हणून शोधताना पक्षी नाही, हालचाल शोधायची. तांबूस छाती, पांढरट पाय, डोळ्यातून जाणारी काळी रेघ आणि तिच्यावरची पांढरी भुवई. या दोन्ही रेघा डोक्यामागे येऊन मिळतात. एकदा तो वळला तेव्हा तो जोड स्पष्ट दिसला.

पखुर्ड्या सकाळी उन्हं चढल्यावर पाण्यावर येतात. बिया खाऊन जगणाऱ्या पक्ष्यांना पाणी लागतंच. आधी दोन स्वरांची हाक ऐकू येते, मग टोकदार पंखांचा वेगवान थवा. पाणी पिऊन त्या लगेच उठतात, त्यामुळे पाणवठ्यापासून दूर, आधीच गाडी लावून बसावं. पिल्लांच्या काळात नर पोटाची पिसं भिजवून पाणी नेतो. पाणवठ्यावर गर्दी केली की तहान पिल्लांनाच सोसावी लागते.

चंडोलांची इथे गर्दी आहे आणि नवख्याने त्यांच्यात अडकून पडू नये. तुरा आहे का, चोच जाड की बारीक, उडताना गातोय की बसून, एवढं टिपावं. डोंबारीचा नर मात्र पहिल्याच दिवशी जमतो : पोट आणि डोळ्यातली पट्टी काळी, डोकं राखाडी. तो हवेत चढतो, शीळ घालत सूर मारतो आणि पुन्हा चढतो. आवाजाची ध्वनिफीत लावून पक्ष्याला जवळ बोलावू नये. त्याला वाटतं प्रतिस्पर्धी आला, आणि तो चरणं सोडून नसलेल्या शत्रूला शोधत राहतो.

उन्हं कलताना भोवत्ये आले. दोन नर ओळखता आले. पॅलिड भोवत्याचा नर फिका राखाडी, पंखाच्या टोकाला काळी अरुंद पाचर. मॉन्टेगूच्या नरात काळा भाग मोठा आणि पंखाच्या वरच्या बाजूने आडवी काळी रेघ. माद्या आणि पिल्लं मात्र दोन्ही जातींची तपकिरी, पांढऱ्या पुठ्ठ्याची. गळ्याभोवतीची फिकी पट्टी आणि डोळ्याजवळच्या खुणा पाहिल्या तर फरक करता येतो, पण त्यासाठी पक्षी जवळून आणि चांगल्या उजेडात हवा. आमच्यासमोरून गेलेली मादी तिरप्या उन्हात, पाठीमागून दिसली. वहीत लिहिलं ते असं : ‘सायं. 5.50, गवतावरून, माणसाच्या उंचीने, पंख व्हीमध्ये, पुठ्ठा पांढरा, गळपट्टी दिसली नाही. भोवत्या, मादी किंवा पिल्लू, पॅलिड अथवा मॉन्टेगू.’

ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर यादी भरताना दोन जाती एकत्र असलेले असे पर्याय मिळतात, तेच निवडायचे. फेरी सुरू केल्याची वेळ, एकूण कालावधी, चाललेलं अंतर आणि दिसलेल्या सगळ्या जाती नोंदवल्यात का, हे चार रकाने रिकामे सोडू नयेत. कवडी, कुंभारगाव आणि मयूरेश्वर यांची एकच यादी करू नये, जागेगणिक वेगळी करावी. भोवत्याचा फोटो धूसर असला तरी जोडावा. पुठ्ठ्याचा पांढरा पट्टा आणि पंखाची ठेवण धूसर फोटोतही दिसते, आणि भोवत्ये चांगले ओळखणाऱ्या परीक्षकाला तेवढ्यावरूनही पुढचा प्रश्न विचारता येतो.